यंत्राची रोजनिशी : लिनक्सच्या लॉगनोंदी इतिहासाच्या साधनांप्रमाणे कशा वाचाव्यात

१/
पुण्याहून सोलापूरकडे जाणारा लोहमार्ग १८६० पर्यंत पूर्ण झाला. पुढे १८७८ मध्ये मनमाडकडे जाणारा मार्ग सुरू झाला आणि भीमेकाठचे दौंड, म्हणजे इंग्रजी कागदांतले ‘धोंड’, जंक्शन बनले. दोन दिशांच्या गाड्या जेथे एकत्र येतात तेथे माणसाच्या स्मरणावर विसंबून चालत नाही. प्रत्येक हालचालीची वेळ लिहून ठेवावी लागते. आजचा धागा अशाच लेखनाविषयी आहे. मात्र यातला लेखनिक स्टेशनमास्तर नसून संगणक आहे.

२/
लिनक्सवर चालणारा प्रत्येक संगणक स्वतःची रोजनिशी लिहीत असतो. कोणती सेवा सुरू झाली, कोणती बंद पडली, कोणी प्रवेश मागितला, कोणत्या डिस्कने उत्तर दिले नाही, हे सारे तो ओळीओळीने नोंदवतो. या नोंदींना ‘लॉग’ म्हणतात. यंत्र बिघडले की आपण त्या उघडतो आणि शेकडो इंग्रजी ओळी पाहून घाबरतो. वास्तविक ज्याने एखादी शकावली किंवा बखर चिकित्सकपणे वाचली आहे, त्याला हे वाचन अर्धे येतच असते. नोंद कोणी केली? केव्हा केली? कोणत्या कालगणनेने केली? त्याला काय दिसत होते? आणि त्याने काय लिहिले नाही? हेच पाच प्रश्न येथेही विचारायचे आहेत.

३/
आधी शब्दाकडे पाहू. ‘लॉग’ म्हणजे लाकडाचा ओंडका. गाठी मारलेल्या दोरीला लाकडाचा तुकडा बांधून तो जहाजावरून पाण्यात सोडत. ठरावीक वेळात हातातून किती गाठी सुटल्या, यावरून जहाजाचा वेग कळे. तो वेग ज्या वहीत टिपत ती ‘लॉगबुक’. पुढे त्याच वहीत वारा, दिशा, आजारपण, अपघात असे सारेच लिहिले जाऊ लागले. संगणकाने हा शब्द दर्यावर्दींकडून घेतला आणि कामाची शिस्तही तीच राखली: घडेल तसे, घडेल त्या क्रमाने लिहायचे.

४/
रेल्वेने ही शिस्त अधिक कडक केली. शेजारच्या स्थानकाकडे ‘लाइन क्लिअर’ कधी मागितली, ती कधी मिळाली, गाडी पुढच्या टप्प्यात कधी शिरली, तेथून कधी बाहेर पडली, या सर्व वेळा ‘ट्रेन सिग्नल रजिस्टर’मध्ये शाईने लिहायच्या. चुकलेली नोंद खोडून नाहीशी करायची नाही. ती वाचता येईल अशी एकच रेघ मारून पुढे दुरुस्ती लिहायची. अपघात झाला तर चौकशीत हेच रजिस्टर महत्त्वाचा साक्षीदार ठरते. आता सिग्नल यंत्रणेतल्या हालचाली ‘डेटा लॉगर’ नावाचे उपकरण आपोआप टिपते. म्हणजे स्टेशनमास्तराची वहीही यंत्र लिहू लागले आहे.

५/
संगणकाच्या जगात ही वही रूढ केली एरिक ऑलमन यांनी. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथे ते ‘सेंडमेल’ या टपालप्रणालीवर काम करीत होते. तिच्या नोंदी ठेवण्यासाठी त्यांनी ‘सिसलॉग’ हा छोटा कार्यक्रम लिहिला. इतर कार्यक्रमांनीही तो वापरायला सुरुवात केली आणि एका टपालखात्याची वही साऱ्या दरबाराचे दप्तर बनली. १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला, तेव्हा ही परंपरा त्याला तयारच मिळाली. तिचे वर्णन करणारा औपचारिक दस्तऐवज मात्र २००१ मध्ये आला आणि सुधारित प्रमाण २००९ मध्ये. आधी वहिवाट, मागून कायदा, हा क्रम इतिहासाच्या वाचकाला नवा नाही.

६/
आता एक ओळ उघडून पाहू. तिचे साधारण चार भाग असतात: वेळ, यंत्राचे नाव, नोंद करणाऱ्या कार्यक्रमाचे नाव व त्याचा क्रमांक, आणि शेवटी मजकूर. नवखा वाचक थेट मजकुराकडे धावतो. अनुभवी वाचक आधीचे तीन भाग पाहतो. जुने पत्र हाती आले की आपण आधी तारीख, ठिकाण आणि लिहिणारा यांची खातरजमा करतो, तसेच हे आहे. गाभ्याने, म्हणजे ‘कर्नल’ने, लिहिलेली ओळ आणि छपाई सांभाळणाऱ्या सेवेने लिहिलेली ओळ यांची दृष्टी सारखी नसते. कर्नलचा संबंध प्रत्यक्ष यंत्रसामग्रीशी येतो. छपाईसेवेला आपले काम अडले एवढेच कळते. ते कशामुळे अडले हे तिला बहुधा ठाऊक नसते.

७/
प्रत्येक नोंदीला तीव्रतेचा एक दर्जाही असतो. सिसलॉगने ० ते ७ असे आठ दर्जे ठरवले: इमर्जन्सी, अलर्ट, क्रिटिकल, एरर, वॉर्निंग, नोटिस, इन्फो आणि डीबग. आकडा जितका लहान तितके संकट मोठे. येथे एक सावधगिरी हवी. हा दर्जा कोणी निष्पक्ष न्यायाधीश देत नाही. कार्यक्रम लिहिणाऱ्याने तो आधीच ठरवलेला असतो. एखादा बातमीदार क्षुल्लक चकमकीलाही रणसंग्राम म्हणतो आणि दुसरा मोठा पराभव एका वाक्यात गुंडाळतो. लॉगमध्येही ‘एरर’ म्हणून लाल अक्षरांत दिसणारी ओळ निरुपद्रवी असू शकते आणि खरे कारण ‘इन्फो’च्या शांत ओळीत दडलेले असू शकते.

८/
आता सर्वांत कठीण भाग: काळ. मराठेशाहीतील असंख्य पत्रांवर ‘छ’ हे चिन्ह, चंद्रदिनाचा आकडा आणि महिना एवढेच असते, वर्ष नसते. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ते ठाऊकच होते, मग लिहायचे कशाला? पुढे संपादकांना पत्रातल्या व्यक्ती, मोहिमा आणि स्थळे तपासून वर्ष ठरवावे लागले. गंमत पाहा, सिसलॉगच्या पारंपरिक नोंदीतही महिना, दिवस आणि वेळ असते, वर्ष नसते! दोन वर्षांच्या जुन्या फायली एकत्र झाल्या तर संपादकाचेच काम आपल्या वाट्याला येते. नव्या पद्धतीत पूर्ण तारीख लिहिली जाते, पण जुने दप्तर हाताळणाऱ्याने ही खोड लक्षात ठेवावी.

९/
दुसरा प्रश्न: हे घड्याळ कोणाचे? १९व्या शतकाच्या अखेरच्या दशकांत हिंदुस्थानातील रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालत असे. दौंडच्या सूर्याप्रमाणे जी वेळ असेल, तिच्यापुढे मद्रासची वेळ सुमारे २३ मिनिटे असते. गावातला मनुष्य सूर्य पाहून स्थानकावर आला तर गाडी निघून गेलेली असणार. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली. ती दौंडच्या सूर्याच्या सुमारे ३२ मिनिटे पुढे आहे. मुंबईत तर जुनी ‘बॉम्बे टाइम’ काही व्यवहारांत १९५५ पर्यंत टिकून होती. त्या काळातील कागदावर ‘सकाळी १०’ असे वाचले की कोणत्या घड्याळाचे १०, हे विचारणे भाग असते.

१०/
लिनक्सचे कित्येक संगणक जागतिक समन्वित वेळेवर, म्हणजे यूटीसीवर, नोंदी लिहितात. आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. शिरूरमधील एखाद्या कार्यालयात दुपारी ३ वाजता बिघाड झाला, तर अशा यंत्राच्या लॉगमध्ये तो सकाळी ९.३० ला सापडेल. हे ध्यानात न घेता दुपारच्या नोंदी चाळत बसणारा रिकाम्या हातानेच परत येईल. घड्याळे जुळवण्याची गरज रेल्वेने फार पूर्वी ओळखली होती. रेल्वेच्या सर्वसाधारण नियमांत दररोज १६ वाजता प्रमाणवेळ प्रमुख स्थानकांना कळवण्याची तरतूद आहे. संगणकांसाठी हेच काम डेव्हिड मिल्स यांनी १९८० च्या दशकात घडवलेला ‘एनटीपी’ हा संकेत करतो.

११/
तिसरा प्रश्न: कालगणना कोठून सुरू होते? मोगल कागदांवर ‘जुलूस’ सन असतो. तो बादशहाच्या राज्यारोहणापासून मोजतात. शिवाजी महाराजांनी १६७४ मध्ये राज्याभिषेक करवून घेतला आणि राज्याभिषेक शक सुरू केला. नवे राज्य, नवी गणना. लिनक्सचा कर्नलही असेच करतो. ‘डीमेसेज’ ही आज्ञा दिली की ओळींच्या प्रारंभी चौकटी कंसात सेकंदांचा आकडा दिसतो. तो यंत्र सुरू झाल्यापासूनचा काळ आहे. प्रत्येक वेळी यंत्र सुरू होणे म्हणजे नवे राज्यारोहण, आणि गणना पुन्हा शून्यापासून.

१२/
म्हणून ‘आधीच्या राजवटीत काय घडले’ हे पाहण्याची सोय लागते. आजच्या बहुतेक लिनक्स प्रणालींत ‘जर्नलसीटीएल’ या आज्ञेला ‘बी’ हा पर्याय व उणे १ हा आकडा दिला, की यंत्र मागच्या वेळी सुरू होते तेव्हाच्या नोंदी मिळतात. राजवटीचे सेकंद आपल्या तारखेत बदलून देण्याचीही सोय डीमेसेजमध्ये आहे; पण यंत्र मध्ये निद्रिस्त झाले असेल तर हे रूपांतर चुकू शकते. तिथीवरून तारीख काढतानाही असेच भान लागते. शिवजन्माची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख ज्युलियन पद्धतीची आहे. ग्रेगोरियन पद्धतीने तोच दिवस १ मार्च येतो. दिवस एकच, आकडे दोन.

१३/
साऱ्या युनिक्स वंशाचा एक सामाईक शकही आहे: १ जानेवारी १९७०, यूटीसी मध्यरात्र. त्या क्षणापासूनचे सेकंद मोजत यंत्रे काळ ओळखतात. जुन्या ३२ बिटांच्या पद्धतीत हा आकडा १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्या सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनंतर, मावेनासा होतो. अशा यंत्रांना मग १९०१ साल असल्याचा भास होईल. नव्या प्रणालींनी ६४ बिटांचा आकडा स्वीकारला आहे. जुन्या उपकरणांचा प्रश्न उरतो.

१४/
काळाची गफलत केवढी महाग पडते याचे एक सुपरिचित उदाहरण १ जुलै २०१२ चे आहे. पृथ्वीच्या भ्रमणाशी घड्याळे जुळवण्यासाठी त्या पहाटे आपल्या ५.२९.५९ नंतर एक जादा ‘लीप सेकंद’ घालण्यात आला. लिनक्सच्या गाभ्यातील एका दोषामुळे अनेक सर्व्हरांचे प्रोसेसर अकस्मात पूर्ण भाराने धावू लागले. रेडिट व मोझिलाच्या सेवा अडखळल्या, क्वांटस विमानकंपनीच्या प्रवासी-नोंदणीलाही फटका बसला. या गोंधळाआधी कर्नलने लॉगमध्ये एकच शांत ओळ लिहिली होती: लीप सेकंद घालत आहे. तिच्यात ना ‘एरर’ होते ना धोक्याची सूचना. आरडाओरडा करणाऱ्या ओळी तिच्यानंतरच्या होत्या. ज्याने त्या ओळींच्या मागे जाऊन ही साधी नोंद पाहिली, त्याला कारण सापडले. घड्याळ पुन्हा लावताच पुष्कळ यंत्रे शांत झाली.

१५/
आता हे सारे आपल्या मुलुखात आणू. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. काम करता करता शिकावे, आणि गावाची गरज हाच अभ्यासक्रम असावा, हा त्यामागचा विचार. २००२ मध्ये तेथे अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने फॅब लॅब उभी राहिली; एमआयटीबाहेरच्या आरंभीच्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते. यामागे एक प्रश्न होता, आणि तो आजही लागू आहे: शहरापासून दूरच्या माणसाने यंत्र केवळ वापरायचे, की ते समजूनही घ्यायचे?

१६/
कल्पना करा, तालुक्याच्या गावातील एका शाळेत लिनक्सचा संगणक आहे. त्यात मुलांचे निकाल, दाखले, हजेरी. एके दुपारी छपाई बंद पडते. लॉगची शेवटची ओळ छपाईसेवेची: फाइल लिहिता येत नाही. म्हणून दोष प्रिंटरवर येतो. प्रिंटर बदलूनही काम होत नाही. मग सल्ला मिळतो, ‘फॉरमॅट मारा.’ येथे क्षणभर थांबून मागे वाचत जावे. छपाईसेवेच्या आधी आणखी दोन-तीन सेवांची तीच तक्रार दिसते. त्यांच्याही आधी कर्नलची ओळ: फाइलप्रणाली केवळ वाचनासाठी ठेवली आहे. आणि तिच्या अगोदर, काही सेकंद आधी, ‘आय-ओ एरर’: डिस्कच्या अमुक भागाचे वाचन किंवा लेखन झाले नाही.

१७/
आता क्रम लागला. डिस्क किंवा तिची जोडणी खराब होत आहे. हानी वाढू नये म्हणून कर्नलने लेखन थांबवले. त्यामुळे सेवा अडल्या. प्रिंटर निर्दोष आहे. पहिले काम मुलांच्या नोंदींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढणे, दुरुस्ती नंतर. फॉरमॅट केले असते तर निकाल गेले असते, बिघाडाचा पुरावाही गेला असता आणि तीच आजारी डिस्क पुन्हा कामाला लागली असती. संकटाचे कारण शोधण्याऐवजी दप्तरच जाळून टाकण्याचा हा प्रकार ठरला असता.

१८/
यात एक बारकावा आहे. लेखन थांबले म्हणजे लॉगही डिस्कवर उतरत नाही. लेखनिकाची वहीच बंद झाली. अशा वेळी कर्नलच्या ओळी केवळ स्मृतीतील ‘रिंग बफर’मध्ये उरतात. ही मर्यादित जागा आहे. नव्या ओळी जुन्यांवर लिहिल्या जातात आणि यंत्र बंद करताच सारे पुसले जाते. म्हणून गोंधळून लगेच ‘रीस्टार्ट’ करू नये. आधी डीमेसेजच्या ओळी पेनड्राइव्हवर उतरवून घ्याव्यात, तेही जमले नाही तर पडद्याचे छायाचित्र काढावे. साधन नष्ट होण्यापूर्वी त्याची नक्कल करून घेणे, हे इतिहास संशोधकांचे पहिले कर्तव्य येथेही तेच आहे.

१९/
मौनही बोलते. यंत्र रीतसर बंद केले की सेवा एकेक करून थांबल्याच्या ओळी उमटतात. त्या मुळीच नसतील, वाक्य मध्येच तुटल्यासारखी वही संपत असेल आणि पुढे थेट नव्या राजवटीचा आरंभ असेल, तर वीज अकस्मात गेली असण्याचा संभव मोठा. पुढच्या आरंभी ‘जर्नल नीट बंद झाले नव्हते’ अशा अर्थाची नोंदही बहुधा भेटते. भारनियमन अनुभवलेल्या गावांत हा पुरावा ओळखता यायला हवा. तरी मौनावरून निष्कर्ष काढताना घाई नको: यंत्र गोठल्यावर कोणी बटण दाबून ठेवले तरी वही तशीच तुटते. म्हणून त्या वेळी शेजारचे यंत्रही बंद पडले का, हे विचारावे.

२०/
दोन स्वतंत्र साधनांचा मेळ, हीच आपल्या शास्त्राची कसोटी. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रकाशात आणलेली जेधे शकावली म्हणजे तारीखवार त्रोटक नोंदींची यादी. तिच्यातील शिवजन्माची फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही तिथी प्रचलित समजुतीहून वेगळी होती. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’तही तीच तिथी मिळाली, तेव्हा त्या एका ओळीचे वजन वाढले. लॉगमध्येही एका ओळीवर निकाल देऊ नये. सेवेची ओळ कर्नलच्या ओळीशी, एका यंत्राची वेळ दुसऱ्या यंत्राच्या वेळेशी ताडून पाहावी.

२१/
आणि दप्तर राखावे. लॉग अमर्याद वाढू नये म्हणून ‘लॉगरोटेट’ जुन्या फायली बांधून ठेवते आणि ठरलेल्या मुदतीनंतर काढून टाकते. मुदत किती, हे आपण ठरवू शकतो. काही प्रणालींत जर्नल केवळ स्मृतीत राहते आणि यंत्र बंद होताच नाहीसे होते. ते डिस्कवर कायम ठेवण्याची व्यवस्था आधीच करावी. २०११ मध्ये हे जर्नल मांडले गेले तेव्हा मोठा वाद झाला. जुनी वही साधा मजकूर होती, कोणालाही वाचता येई. नवी वही द्विमान स्वरूपाची, ती वाचायला खास साधन लागते. मोडी लिपीतील कागद ज्यांनी पाहिले आहेत त्यांना या वादातील भीती समजेल. पुण्याच्या पेशवे दप्तरात कोट्यवधी कागद सुरक्षित आहेत. मोडी वाचणारे मात्र थोडे आहेत.

२२/
ज्यांच्याकडे लिनक्स आहे त्यांनी आजच ‘जर्नलसीटीएल’ उघडावे. बिघाड नसतानाच. निरोगी यंत्राची वही कशी दिसते, तिच्यात कोणत्या तक्रारी रोजच्याच आहेत, घड्याळ यूटीसीचे आहे की आपले, मागील राजवटीच्या नोंदी उरतात की नाही, हे पाहून ठेवावे. संकटाच्या दिवशी नेहमीचे काय आणि नवे काय, हे त्यामुळे ओळखता येईल. तुमच्या वहीत एखादी न उलगडणारी ओळ सापडली तर संकेतशब्द आणि खासगी तपशील गाळून, वेळ आणि तिच्या आधीच्या दहा ओळींसह खाली लिहा. एकटी ओळ पाठवू नका. संदर्भावाचून वाचन होत नाही.